धक्क्यावरची पाटी

तर वेलांटी शिडीच्या चौथ्या पायरीवर होता आणि अध्यक्ष खाली उभे राहून, मान वर करून त्याच्याशी बोलत होते, इथवर काल आलो होतो. मध्येच सूनबाईने जेवायला हाक मारली आणि अध्यक्ष तसेच राहिले. माणूस कसाही असो, त्याची मान किती वेळ आखडून ठेवायची? म्हणून आज आधी त्यांना मोकळं करतो.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी एवढंच, की वेलांटी हा आमच्या गावचा पेंटर. चित्रांचा नव्हे, अक्षरांचा. दुकानांच्या पाट्या, बोटींची नावं आणि आकडे, शाळेचे फळे. ‘येथे थुंकू नये’पासून ‘येथे दात बसवून मिळतील’पर्यंत गावात जे जे वाचता येतं ते ते त्याच्या हातचं. त्या सकाळी तो न्हाव्याच्या दुकानाची पाटी नव्याने रंगवत होता.

“वेलांटी, खाली उतर,” अध्यक्ष म्हणाले. गावसभेच्या निवडणुकीआधी ते त्याला ‘काका, तुम्ही’ म्हणायचे. निकाल लागला त्या संध्याकाळपासून काकांचा वेलांटी झाला आणि तुम्हीचा तू.

“रफार पुरा करून उतरतो.”

“कसला रफार?”

“केशकर्तनालयातला. हा अर्धा सोडला, तर आतल्या गिऱ्हाइकाचं डोकंही अर्धंच सुटेल.”

आतून न्हावी ओरडला, “माझं गिऱ्हाईक पळवू नकोस रे! आधीच तीन खुर्च्या मिळून दीड दाढी होते दिवसाला.”

अध्यक्ष हसले नाहीत. हसण्याचं सगळं काम ते प्रचाराच्या दिवसांत उरकून घेतात.

“धक्क्यावर पाटी हवी आहे. दहा फूट लांब. त्या बोटवाल्यांसाठी. निर्वासितांना या गावात थारा नाही, असं काहीतरी खणखणीत.”

“त्यांना आपली अक्षरं वाचता येतात?”

“नाही.”

“मग?”

“मग काय मग? पाट्या काय वाचायला असतात? ‘येथे थुंकू नये’ वाचतो कोण?”

एवढं एक वाक्य मात्र अध्यक्ष त्या महिन्यात खरं बोलले.

वेलांटी खाली उतरला. ब्रश पुसला. “आणि नाही लिहिली तर?”

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. “धक्क्यावरची तुझी खोली कुणाची?”

“गावसभेची.”

“दरवर्षी मुदत वाढवायचं पत्र कुणाच्या सहीने निघतं?”

वेलांटीने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात घातला आणि हवा त्यापेक्षा बराच जास्त वेळ हलवत राहिला. “तुमच्या.”

“पुढच्या सोमवारी मुदत संपते,” अध्यक्ष म्हणाले आणि मान चोळत निघून गेले. सुटली एकदाची.

आता ती खोली म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. धक्क्याच्या टोकाला, बंद पडलेल्या बर्फखान्याला चिकटून एक पत्र्याचं छप्पर, तीन भिंती आणि चौथ्या बाजूला बोट निम्मी आत ओढता येईल एवढं दार. एकतीस वर्षं वेलांटी तिथे काम करत होता. उत्तरेकडची खिडकी अशी, की दिवसभर उजेड एकसारखा. अक्षरावर सावली म्हणून पडायची नाही. काम झालं की तो ब्रश खिडकीशेजारच्या भिंतीवर पुसायचा. एकतीस वर्षांचे ते फराटे एकावर एक बसून तिथे हाताच्या तळव्याएवढी जाड रंगीत साय धरली होती. गावातली प्रत्येक बोट, प्रत्येक दुकान त्या सायीत कुठेतरी होतं. तो म्हणायचा, “बाकीच्यांचे हिशेब कागदावर, माझा भिंतीवर.” त्या खोलीबाहेर तो नुसता एक म्हातारा होता, हातात ब्रश असलेला. खोलीत तो वेलांटी होता.

नाव पडलं ते शाळेत. आम्ही एकाच फळ्यासमोर बसलेले, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. तपासणीला साहेब येणार होते. गुरुजींनी फळ्यावर मोठ्या झोकात लिहिलं, ‘आजचा दीन आनंदाचा.’ साहेब दारात, गुरुजी हात जोडून उभे, आणि हा आठ वर्षांचा पोरगा उठला, फळ्यापाशी गेला, बाहीने दुसरी वेलांटी पुसली आणि खडूने पहिली काढून जागेवर येऊन बसला. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे बापडा. गुरुजी त्या क्षणी दुसऱ्या वेलांटीचेच दिसत होते. साहेब पोट धरून हसले. ते गेल्यावर गुरुजींनी छडी मोडेपर्यंत मारलं, आणि मारता मारता म्हणाले, “मोठा आला वेलांटीवाला!” ते चिकटलं ते चिकटलंच. आता त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.

तेव्हापासून त्याची एक रीत पडली. गिऱ्हाइकाने लिहून दिलेल्या कागदात चूक असली, तर तो बोलायचा नाही. गुपचूप दुरुस्त करून रंगवायचा. धोब्याने लिहून दिलं होतं, ‘येथे स्वच्छ कपडे मळके करून मिळतील’. वेलांटीने शब्दांची अदलाबदल केली आणि धोब्याला आजतागायत पत्ता नाही. ‘सुचना’ची ‘सूचना’ तर त्याने एवढ्या वेळा केली, की हात आपोआप वळायचा. रंगवायची पद्धतही ठरलेली: आधी सगळ्या अक्षरांची धडं, मग काने-मात्रे-वेलांट्या, आणि सगळ्यात शेवटी, श्वास रोखून, शिरोरेघ. “रेघ म्हणजे छप्पर,” म्हणायचा. “आधी माणसं आत घ्यायची, मग छप्पर घालायचं.” आणि चाळीस वर्षांत त्याच्या पाटीवर एक अनुस्वार इकडचा तिकडे झाला नाही. लोक पैजा लावायचे. सगळे हरले.

अध्यक्षांचंही काम त्याने केलं होतं, तीन वर्षांपूर्वी, प्रचाराच्या वेळी. बाजारातल्या लांबच लांब भिंतीवर लिहायचं होतं. अध्यक्षांनी घाईघाईत कागद दिला: ‘गावाचा स्वार्थी सेवक.’ ‘निः’ राहून गेला होता. वेलांटीने तो पदरचा घातला. भिंतीवर ‘गावाचा निःस्वार्थी सेवक’ झळकलं, लोकांनी वाचलं, आणि अध्यक्ष निवडून आले. न्हावी अजून म्हणतो, गावाने मत माणसाला दिलं नाही, त्या दोन ठिपक्यांना दिलं.

हं. तर बोट.

बोट आली होती त्या रफाराच्या पंधरा दिवस आधी, सकाळच्या भरतीला, इंजीन बंद पडलेलं, वाऱ्याने ढकललेली. तेवीस माणसं. धक्क्याच्या कारकुनाने आधी चष्मा पुसला, मग नियम काढला. फॉर्मातला पहिला रकाना: ‘नावेचे नाव’. बोटीच्या पुढच्या अंगाला काहीतरी लिहिलेलं होतं, पण मिठाने खाल्लेलं आणि परक्या अक्षरांत. कारकून म्हणाला, “नावेला नाव नाही. नाव नाही तर नोंद नाही. नोंद नाही तर नाव आलेली नाही.”

“मग ही तेवीस माणसं कशातून आली?” न्हाव्याने विचारलं. तोंडाला फेस लावलेलं गिऱ्हाईक खुर्चीत सोडून तो बघायला आला होता.

“ते माझ्या रकान्यात येत नाही,” कारकून म्हणाला.

आली नाहीत म्हणून त्यांना परत पाठवता येईना, आणि आली नाहीत म्हणून उतरवूनही घेता येईना. उन्हात दुपार झाली. तेव्हा वेलांटी डबा आणि ब्रश घेऊन गेला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून, जी काही पुसट अक्षरं होती ती जशीच्या तशी गिरवू लागला. एक अक्षर ओळखीचं नाही. उजवीकडून सुरू करायचं की डावीकडून तेही ठाऊक नाही. पण म्हणाला, “हात चांगला आहे कुणाचा तरी. घाईत लिहिलंय, पण वळण आहे.” पुरं झाल्यावर मागे सरून बघतोय, तोवर बोटीतली एक बाई वाकली, शेवटच्या अक्षराकडे बोट दाखवून मान हलवली, आपलं बोट त्याच्या डब्यात बुडवलं आणि अक्षराखाली एक ठिपका दिला.

वेलांटीचा ठिपका राहिला होता! गावभर बातमी झाली. बोट आली त्यापेक्षा ती मोठी झाली. चाळीस वर्षांतली पहिली चूक, आणि तीही परक्याच्या भाषेत. तो स्वतः मात्र खूश. “तिचंच अक्षर होतं ते,” सांगत सुटला. “मला वाटलंच होतं. बघितलंस कसा दिला ठिपका? बोट डुलत होती, पण ठिपका गोल.”

नाव झालं, नोंद झाली, आणि तेवीस माणसांना तात्पुरतं म्हणून बर्फखान्यात ठेवलं. म्हणजे वेलांटीच्या खोलीच्या भिंतीपलीकडे.

मग गावाला कंठ फुटला. न्हाव्याच्या दुकानात खुर्च्या तीन, पण चर्चेला कमीत कमी अकरा. एक म्हणाला, “हे आले की आपली कामं जाणार.” हा गृहस्थ गेली नऊ वर्षं न्हाव्याच्या बाकावरून फक्त जेवायला उठतो.

“तुझं कोणतं काम घेतील रे?” न्हाव्याने विचारलं. “बसायचं?”

दुसरा म्हणाला, “आपल्यालाच जागा पुरत नाही.” याच्या घरात पाच खोल्या, चार मुलं चार देशांत, चार कुलपं इथे. तिसरा खोकत खोकत म्हणाला, “आजार आणतील.” आणि अध्यक्ष, जे दाढीला आले होते, ते म्हणाले, “प्रश्न तत्त्वाचा आहे. उद्या आणखी आले तर?” त्यांचा स्वतःचा मुलगा तीन वर्षं परदेशात मुदत संपलेल्या कागदांवर बसलेला. दर रविवारी फोन झाला की अध्यक्ष सगळ्यांना सांगतात, “त्या लोकांना माणुसकीच नाही हो. एवढा शिकलेला पोरगा, पण कागद म्हणून देत नाहीत!”

एकाने मोठं मन केलं. “कामाची असतील तेवढी ठेवून घेऊ. सुतार, गवंडी, असं.”

कोपऱ्यात बसलेल्या वेलांटीने मान वर केली. “आणि बाकीची?”

“बाकीचं बघू.”

“तुला कशासाठी ठेवलंय गावाने? कधी विचारलंय कुणी?”

असं बोलल्यावर माणसं दुखावतात. “आम्ही इथले मूळचे!” तो म्हणाला. मूळचे! न्हाव्याचा पणजा मिठाच्या गलबतातून उतरला आणि परतीची भरती चुकली म्हणून राहिला. अध्यक्षांचे पूर्वज कुठल्याशा बंदरातून रातोरात निघाले, ते का निघाले याबद्दल घरात दोन मतं आहेत आणि दोन्ही कुजबुजून सांगतात. मूळचे म्हणून हुडकायला गेलं तर आमच्या किनाऱ्यावर फक्त खेकडे उरतील.

आता प्रश्न अगदीच खोटा होता असं नव्हे. पाण्याची टाकी एक, दवाखान्यात खाटा सहा, आणि समुद्राला दार नाही. वेलांटीलाही कुणी म्हणालं, “मग किती घ्यायचे, सांग ना!” तर तो म्हणाला, “किती ते मला कळत नाही. मला पाट्या कळतात. पण तो प्रश्न विचारायचा तर बर्फखान्यात जाऊन, त्यांच्याकडे बघून विचारा. गालाला फेस लावून नको.”

आणि अशात अध्यक्षांनी पाटीचं काढलं. रफाराचा प्रसंग तो.

दुसऱ्या दिवशी वेलांटी गावसभेच्या कचेरीत गेला. म्हणाला, “मजकूर लिहून द्या. सहीनिशी. माझी रीत आहे.”

अध्यक्षांनी नवा कोरा कागद ओढला. त्या कागदांचंही सांगायला हवं. निवडून आल्यापासून त्यांनी छापून घेतलेले. माथ्यावर नाव, नावाखाली ठसठशीत अक्षरांत ‘लोकनिर्वाचित अध्यक्ष’. सहीखालीही ते स्वतःच्या हाताने तेच लिहितात. दिवसातून वीसदा. दवाखान्यात नाव नोंदवतानाही, ‘आजार काय’च्या पुढे एकदा तेच लिहून गेले होते. तर अशा कागदावर, समोर दोन सदस्य बसलेले, तिसऱ्याशी फोनवर बोलत त्यांनी मजकूर लिहिला, सही ठोकली आणि कागद टेबलावरून सरकवला.

वेलांटीने वाचला. परत वाचला. मग विचारलं, “हेच रंगवायचं?”

“हेच.”

“असंच्या असं? अक्षर न् अक्षर?”

“अक्षर न् अक्षर!” अध्यक्षांनी फोनवर हात ठेवला. “तुझं डोकं चालवू नकोस. ब्रश चालव.”

वेलांटीने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. चार दिवस खोलीचं दार लावून काम केलं. शुक्रवारी सकाळी पाटी धक्क्यावर उभी राहिली, वर चादर. चादर ओढायला अध्यक्ष, टाळ्या वाजवायला सात सदस्य, बघायला सगळं गाव. बर्फखान्याच्या ओट्यावर ती बाई आणि तिच्यामागे बाकीचे. त्यांना वाटलं असेल, गावात कसलं तरी मंगलकार्य आहे.

चादर खाली आली. टाळ्या झाल्या. अक्षरं काय सुरेख होती म्हणून सांगू! निळ्यावर पांढरी, काठाला लाल, शिरोरेघ दोरी ताणावी तशी. अध्यक्षांनी पाटीकडे पाठ केली आणि भाषण सुरू केलं. “ही नुसती पाटी नव्हे, हा गावाचा आवाज आहे. हिच्यातला शब्द न् शब्द आमच्या काळजातून आलेला आहे. आज या शब्दांवर जो हसेल तो गावाचा वैरी...”

तेव्हा न्हावी हसला.

आधी लोकांनी न्हाव्याकडे बघितलं, मग पाटीकडे. यावेळी वाचलं.

‘निर्वाचितांना या गावात थारा नाही. आल्या वाटेने निमूट परत जावे, अन्यथा हुसकावून लावण्यात येईल. हुकमावरून.’

एका अक्षराचं अंतर. ‘स’च्या जागी ‘च’. पण निर्वासित म्हणजे घरदार सुटलेला, आणि निर्वाचित म्हणजे निवडून आलेला. आणि निवडून आलेले सात सदस्य, आठवे अध्यक्ष, त्या दहा फुटांखाली ओळीने उभे, फोटोला उभे राहावेत तसे. फोटो निघालाही.

अध्यक्षांना लोक का हसताहेत ते कळेना. ते आणखी जोरात म्हणाले, “हसा! पण यांना हुसकावल्याशिवाय हे गाव राहणार नाही!”

“राहणार नाही!” गाव एका आवाजात म्हणालं.

दुपारपर्यंत वेलांटीला चिठ्ठी आली. सोमवारी सभा. सगळ्यांसमोर ‘माझ्या हातून चूक झाली’ एवढं म्हणायचं, आणि तिथल्या तिथे खोलीच्या पत्रावर सही. नाही म्हटलं तर संध्याकाळपर्यंत खोली रिकामी.

आमची वहिनी, म्हणजे वेलांटीची बायको, चिठ्ठी वाचून म्हणाली, “म्हणून टाका की. दोन शब्द तर आहेत. माझ्यासमोर रोज म्हणताच.”

“तुझ्यासमोर म्हणतो तेव्हा चूक झालेली नसते.”

“मग तर सवय आहेच!” ती म्हणाली. मग जरा थांबून, “हे बघा, ते बर्फखान्यातले लोक राहोत नाही तर जावोत, त्याचं मला सांगू नका. त्यांना दोन चादरी दिल्यात मी, तेवढ्यापुरतं माझं संपलं. पण खोली गेली तर ते तुमचे डबे आणि ब्रश माझ्या स्वयंपाकघरात येणार. आणि ज्या दिवशी वरणाला टर्पेंटाइनचा वास येईल, त्या दिवशी मी माहेरी जाईन.”

“तुझं माहेर समोरच्या गल्लीत आहे.”

“म्हणूनच सांगते. लगेच पोहोचेन.”

रविवारभर तो खोलीत बसून होता. खिडकीशेजारच्या त्या रंगाच्या सायीवरून हात फिरवत. मी विचारलं, “काय करणार?” तर म्हणाला, “ही भिंत काही काढून नेता येणार नाही, नाही का?” एवढंच. पलीकडून, बर्फखान्यातून, कुणीतरी म्हातारा खोकत होता, बराच वेळ. त्या तेविसांत तोही होता, कोणत्याच कामाचा नसलेला.

सोमवारी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. अध्यक्ष उठले. “या माणसाने गावाची बेअब्रू केली. चाळीस वर्षांत वेलांटी न चुकलेला हा माणूस नेमका इथेच कसा चुकतो? विरोधकांनी हे घडवून आणलं.”

विरोधी बाकावरचे तीन सदस्य ताडकन उठले. त्यांचं म्हणणं पडलं, की पाटीत काही चूक नाही. ती फक्त समोरच्या पाच जणांपुरती आहे, एवढंच खाली स्पष्ट करावं. मग कोण कुणाला हुसकावणार यावर पाऊण तास गेला. बर्फखान्याचा विषय तिसऱ्या क्रमांकावर होता. तो कुणाला आठवलाच नाही.

शेवटी वेलांटीने खिशातून कागद काढला आणि धक्क्याच्या कारकुनाच्या हातात दिला. कारकुनाला कागद दिला की तो वरपासून खालपर्यंत वाचतो, मागची बाजूही बघतो. त्याने खड्या आवाजात वाचलं, “लोकनिर्वाचित अध्यक्ष. मजकूर. निर्वाचितांना या गावात थारा नाही...” सगळं वाचलं. सही वाचली. सहीखालचं ‘लोकनिर्वाचित’ वाचलं. आणि स्वतःच्या वतीने जोडलं, “नोंद बरोबर आहे. खाडाखोड नाही.”

सभागृहात असं हसू उठलं, की खिडकीवरचे कावळे उडाले.

अध्यक्षांचा चेहरा पाटीच्या काठासारखा लाल झाला. पण माणूस तयार गडी. ते शांतपणे म्हणाले, “ठीक आहे. घाईत माझ्या हातून एक अक्षर गेलं असेल. पण गावातल्या धोब्यापासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांच्या चुका तू न सांगता दुरुस्त करतोस. मग माझीच तेवढी कशी ठेवलीस? तुझ्या लक्षात आली नाही असं म्हण, म्हणजे चूक तुझी. हे खोलीचं पत्र. हे पेन. बोल, चूक झाली की नाही?”

पत्र टेबलावर, पेनाचं टोपण काढलेलं. वहिनी बायकांच्या रांगेतून त्याला डोळ्यांनी खुणावत होती, म्हणा, म्हणा.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्ये कुणी विचारायला नको. खोली गेली. त्याच संध्याकाळी कुलूप पडलं. डबे आणि ब्रश वहिनीच्या स्वयंपाकघरात आले आणि ती ठरल्याप्रमाणे माहेरी गेली. दुसऱ्या दिवशी भांडायला कुणी नाही म्हणून परतली. आता वेलांटी बर्फखान्याच्या ओट्यावर काम करतो. उजेड वाईट आहे, दुपारनंतर सावली पडते, एक-दोन अक्षरं तिरकी गेलेली मी बघितली आहेत, आणि त्याला ती दाखवलेली नाहीत. ती बाई समोर बसून ठिपके देते. बर्फखाना रिकामा करण्याचा ठराव त्या दिवशी तहकूब झाला तो अजून तहकूबच आहे. तेवीस माणसं त्या तहकुबीत राहतात. पाटीही तशीच आहे, कारण ती बदलायला ठराव हवा, आणि ठरावात पाटीत काय चुकलं ते लिहावं लागतं. त्यावर आठ जणांचं एकमत होत नाही.

तर त्या दिवशी वेलांटी उठला. पत्राकडे बघितलं, पेनाकडे बघितलं, हाताच्या बोटांवरचा निळा रंग दुसऱ्या हाताने खरवडला आणि म्हणाला:

“चूक झाली, अध्यक्षसाहेब. दोन झाल्या. पहिली त्यांच्या बोटीवर, एक ठिपका विसरलो. ती त्या बाईने तिथल्या तिथे दुरुस्त केली. दुसरी तुमच्या प्रचाराच्या भिंतीवर, तिथे मी पदरचा ‘निः’ घातला. ती दुरुस्त करायला मला तीन वर्षं लागली.”